हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे

बारावीचा निकाल लागला की आमच्या भागात गुणवंतांचे सत्कार आणि पालक मेळावे सुरू होतात. यंदा अशाच एका मेळाव्यात प्रमुख पाहुण्यांनी, म्हणजे एका जाणत्या शिक्षणसंस्थाचालकांनी, भाषणभर एकच मुद्दा लावून धरला. महाराष्ट्रात काय कमी आहे, दारात कॉलेज आहे, मग आपली लेकरं शिकायला परराज्यात कशाला धाडायची? कारणं त्यांनी चार दिली. खर्च झेपत नाही, मुलींची काळजी वाटते, मराठी सुटते आणि गेलेलं पोरगं परत येत नाही. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका बापाने मान डोलावली. शेजारी बसलेली त्याची मुलगी केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, सीयूईटी, देऊन निकालाची वाट पाहत होती. तिने मान खाली घातली.

मी नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेलगतच्या तालुक्यात राज्यशास्त्र शिकवतो. सत्काराच्या कार्यक्रमात उठून वाद घालणं शोभलं नसतं, म्हणून इथे लिहितो. हे भाषण एकट्या त्यांचं नाही. थोड्याफार फरकाने ते दरवर्षी, गावोगाव होतं, आणि त्यावर विसंबून आईबाप आपल्या मुलांचे पाच-पाच वर्षांचे निर्णय घेतात.

आधी नकाशा बघू. नांदेडहून हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आत आहे. पुणे साडेचारशेच्या आसपास, आणि मुंबई त्याहून आणखी शंभरेक किलोमीटर लांब. आमच्याकडे मोठं आजारपण निघालं की माणूस हैदराबाद गाठतो, लग्नाचा बस्ताही कितीतरी घरं तिथेच बांधतात. तेव्हा त्याला कुणी अडवत नाही. त्याच घरातली पोरगी तिथे शिकायला निघाली की मात्र ती परक्या मुलखात चालल्याचा कालवा होतो. ही गत एकट्या नांदेडची नाही. चंदगडच्या मुलाला बेळगाव कोल्हापूरपेक्षा कितीतरी जवळ, सावंतवाडीला पणजी, नंदुरबारला सुरत. सिरोंच्यात गोदावरी ओलांडली की तेलंगण लागतं. मुंबई-पुण्यात बसलेल्या माणसाला राज्याची सीमा दूर कुठेतरी दिसत असेल. आमच्या निम्म्या मुलांपासून ती एसटीच्या एका फेरीवर आहे.

आणि ही सीमा आहे तरी किती जुनी? १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा आणि पुढे हैदराबाद राज्याचा भाग होता. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं १९५८मध्ये. त्याआधी इथल्या मुलाला पदवी हवी असेल तर हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ हाच जवळचा रस्ता होता, आणि तिथे शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. ती मुलं गेली, उर्दूत शिकली, आणि त्यांतलीच कित्येक पुढे निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरली. १९३८मध्ये उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं, तेव्हा त्यांना दार उघडलं ते नागपूर विद्यापीठाने. म्हणजे दुसऱ्या प्रांतातल्या विद्यापीठाने. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्या पिढीतलेच. तेलंगणातला हा मुलगा नागपूरला कायदा शिकला, मराठी उत्तम शिकला, आणि त्याने हरी नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी तेलुगूत नेली. कुणीतरी घर सोडून दुसऱ्या प्रांतात शिकायला आलं, म्हणून आपट्यांची यमू तेलुगू घरांत पोचली. आमच्या नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ जन्मले आजच्या कर्नाटकात आणि शिकले पुण्याच्या टिळक महाविद्यालयात. या मातीत उभं राहून ‘परराज्यात कशाला?’ असं विचारताना आपण कुणाच्या नावाच्या विद्यापीठाबद्दल बोलतो आहोत, एवढं तरी आठवायला हवं.

पाहुण्यांनी पुण्याचा अभिमानाने उल्लेख केला. देशभरातून, ईशान्येतून, काश्मिरातून, परदेशातूनही मुलं पुण्यात शिकायला येतात, हे त्यांनी महाराष्ट्राच्या थोरवीचं लक्षण म्हणून सांगितलं. खरंच आहे ते. पण मणिपूरची मुलगी पुण्यात येते तेव्हा तिच्या आईबापांनी धाडस केलं म्हणून आपण कौतुक करायचं आणि नायगावची मुलगी दिल्लीला निघाली की तिच्या आईबापांना बेजबाबदार ठरवायचं, हा कुठला न्याय? सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५च्या निकालात वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांतलं अधिवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं आणि आपण सगळे भारताचेच अधिवासी आहोत, हे स्पष्ट सांगितलं. एमबीबीएसला राज्याच्या मुलांसाठीच्या जागा अजून आहेत, आणि त्या असण्याला कारणंही आहेत. पण आपल्या जागा राखून ठेवणं वेगळं आणि आपल्याच मुलांना कुंपणाच्या आत डांबून ठेवणं वेगळं.

आता ‘दारात कॉलेज आहे’ या मुद्द्याकडे येतो, कारण सगळ्या भाषणाचा पाया तोच आहे. दारात कॉलेज आहे, हे मी नाकारत नाही. मी त्याच कॉलेजात पगार घेतो आणि तिथल्या मुलांवर माझा जीव आहे. म्हणूनच आत काय चालतं ते सांगायची जबाबदारी माझ्यावर येते. कला शाखेच्या पहिल्या वर्षाला पटावर मुलं असतात, वर्गात नसतात. जून-जुलैत फॉर्म भरायचा, मग परीक्षेलाच यायचं, हा अनेक ठिकाणी अलिखित करार झाला आहे. मंजूर जागा वर्षानुवर्षं भरलेल्या नाहीत. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात मोटारसायकलवर धावत तास घेतात, आणि त्यांचं मानधन वेळेवर मिळेल याची हमी नाही. ग्रंथालयात नवं पुस्तक मुख्यतः मूल्यांकनाच्या वर्षी येतं. मानववंशशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान हे विषय शिकायचे असतील तर आमच्या संपूर्ण परिसरात पर्याय जवळपास नाहीतच.

मग कॉलेज दारात आहे हे सांगायची एवढी घाई कशाला? पट कमी झाला की कार्यभार कमी होतो. कार्यभार कमी झाला की तुकडी जाते आणि शिक्षक अतिरिक्त ठरतात. ही भीती खरी आहे, मलाही ती लागू आहे, आणि माझ्या सहकाऱ्यांच्या घरांचा प्रश्न मी हलका मानत नाही. पण आमच्या तुकड्या वाचवायचं ओझं सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर द्यायचं नाही. तुकडी वाचवायची असेल तर वर्ग भरवा, जागा भरा, शिकवा. मूल अडवून तुकडी वाचवणं हा त्या मुलाशी केलेला द्रोह आहे, आणि मला तो तसाच म्हणायचा आहे.

महाराष्ट्रात चांगल्या संस्था नाहीत, असं मी म्हणत नाही. आयआयटी मुंबई आहे, पुण्याची आयसर आहे, डेक्कन कॉलेज आहे, टाटा समाजविज्ञान संस्था आहे. पण केंद्रीय विद्यापीठ आपल्या एवढ्या मोठ्या राज्यात एकच आहे, वर्ध्याचं हिंदी विद्यापीठ. एकट्या हैदराबाद शहरात तीन आहेत. आणि आमच्या मुलाला मुंबई-पुणे हेसुद्धा परगावच. तिथे त्याने कॉट बेसिसवर जागा घ्यायची, मेस लावायची, डिपॉझिट भरायचं. त्यापेक्षा हैदराबाद विद्यापीठाचं होस्टेल कमी खर्चाचं पडतं, हे मी अनेक घरांच्या हिशेबात पाहिलं आहे.

खर्चाच्या मुद्द्याचं उत्तर यातच आलं, तरी थोडं आणखी. परराज्य म्हटलं की आमच्या पालकांच्या डोळ्यांसमोर कर्नाटकातली डोनेशनवाली कॉलेजं येतात. तिथे मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश मिळवून देणारे एजंट निकालाच्या आठवड्यात तालुक्याच्या लॉजवर येऊन बसतात. त्यांच्या नादी लागून जमीन विकलेली माणसं मला माहीत आहेत, आणि त्या जाण्याला माझा विरोधच आहे. पण सार्वजनिक केंद्रीय विद्यापीठ ही साफ वेगळी गोष्ट आहे. २०१९मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मोठं आंदोलन पेटलं, ते होस्टेलच्या एकट्याच्या खोलीचं भाडं महिना २० रुपयांवरून ६०० आणि दोघांच्या खोलीचं १०वरून ३०० करण्याच्या प्रस्तावावरून. मेसचं बिल त्याव्यतिरिक्त असतंच. तरीही हे आकडे आमच्या कुठल्याही पालकाला सांगा आणि त्याचा चेहरा बघा. त्याला आजवर हे कुणी सांगितलेलंच नसतं. दिल्ली विद्यापीठाची गोष्ट निराळी, तिथे प्रवेश मिळाला तरी होस्टेल मिळेलच याची खात्री नसते आणि बाहेरची खोली महाग पडते. म्हणून विद्यापीठ निवडताना फीच्या आधी होस्टेलचं विचारा, असं मी प्रत्येकाला सांगतो. सरसकट ‘खर्च झेपत नाही’ म्हणून दार लावून घेणं म्हणजे चौकशी न करताच निकाल देणं.

यावर कुणी म्हणेल, राज्य सरकारने मुलींना शिक्षण मोफत केलं आहे, मग बाहेर कशाला? २०२४-२५पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण ती व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती आहे. जिला इतिहास शिकायचा आहे, जिला भाषाशास्त्र शिकायचं आहे, तिला त्याचा काय उपयोग?

मुलींच्या काळजीबद्दल मला सावकाश बोलायचं आहे, कारण हा मुद्दा खोटा नाही. आई-बापांना झोप लागत नाही, हे मी पाहतो. पण घराजवळ ठेवलं म्हणजे सुरक्षित राहिली, हे गृहीतक तपासून बघा. गावाकडे जाणारी शेवटची एसटी संध्याकाळी लवकर सुटते, म्हणून आमच्या विज्ञान शाखेच्या मुली दुपारचं प्रात्यक्षिक अर्धवट सोडून स्टँडवर पळतात. स्टँडवर कुणी मागे लागलं तर मुलगी घरी सांगत नाही, कारण सांगितलं की कॉलेज बंद होणार, हे तिला पक्कं ठाऊक असतं. आणि ज्या मुलीला जवळच शिक म्हणून थांबवलं, तिचं दुसऱ्या वर्षाला लग्न ठरल्याची पत्रिका माझ्या टेबलावर येते. असं दरवर्षी होतं. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात तिची जागा रिकामी असते. अंतराने धोका ठरत असता तर पायल तडवीचं काय झालं, याचं उत्तर आपल्याला द्यावं लागेल. जळगावची ही तरुण आदिवासी डॉक्टर २०१९मध्ये आपल्याच राज्यात, मुंबईत शिकत असताना जिवाला मुकली. मुलीला कुठे पाठवतो यापेक्षा ती अडचणीत आली तर कुणाला फोन करील, तिचं म्हणणं ऐकून घेणारी यंत्रणा तिथे आहे का, आणि घरी सांगितल्यावर तिलाच परत बोलावलं जाणार नाही ना, हे प्रश्न विचारण्यासारखे आहेत. ते सोलापूरबद्दलही विचारा आणि सिकंदराबादबद्दलही.

मराठी सुटते, या आक्षेपाने मला खरंच वाईट वाटतं. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी उस्मानिया, बनारस, अलाहाबाद असे दूरदूर शिकले. उर्दू, फारसी, तेलुगू त्यांना येत होती. आदिवासी भागात नोकरी करताना ते गोंडी शिकले आणि त्यांनी त्या भाषेचं व्याकरण लिहिलं. मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधनं मराठी वाचकाला खुली करणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. ते घराजवळच राहिले असते तर मराठी श्रीमंत झाली असती, असं कुणाला म्हणायचं आहे का? हैदराबादेत मराठी माणसांनी विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था उभारली, मराठी ग्रंथसंग्रहालय चालवलं, उस्मानिया विद्यापीठात मराठीचा विभाग आहे. माझी एक विद्यार्थिनी तिथून सुटीला आली तेव्हा तिने माझ्याकडे विभावरी शिरूरकर मागितल्या. इथे तीन वर्षांत तिने मराठी कादंबरी हातात धरली नव्हती. तिच्या खोलीत राहणारी मल्याळी मुलगी तिला रोज विचारायची, तुमच्या भाषेत बायकांनी काय लिहिलंय? उत्तर देता आलं नाही, म्हणून ती वाचायला लागली.

अडचणी आहेत, आणि त्या पाहुण्यांनी सांगितल्या त्या नाहीत. त्यांना ठाऊक असत्या तर भाषणात आल्या असत्या. सीयूईटी २०२२पासून सुरू आहे आणि ती मराठीतून देता येते. पण तिचा अभ्यासक्रम एनसीईआरटीचा, आणि एनसीईआरटीची पुस्तकं इंग्रजी, हिंदी, उर्दूत निघतात, मराठीत नाही. राज्य मंडळाचा इतिहास आणि राज्यशास्त्र शिकलेला आमचा मुलगा परीक्षेचा पेपर मराठीत उघडतो आणि त्यातले निम्मे प्रश्न त्याने कधी न वाचलेल्या पुस्तकातले निघतात. शिवाय अर्जाची मुदत बहुधा बारावीचा निकाल लागण्याआधीच संपून जाते. निकालानंतर कुठे जायचं याचा विचार करणाऱ्या घराला ती वाट त्या वर्षापुरती बंद झालेली असते.

मग प्रमाणपत्रं. धनगर, वंजारी मुलांना राज्यात भटक्या जमातींचं आरक्षण मिळतं, पण केंद्रीय विद्यापीठात ती ओबीसीत मोजली जातात आणि त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेयर लागतं. मराठा मुलांचं राज्यातलं एसईबीसी आरक्षण केंद्रात लागू नाही, तिथे ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र काढावं लागतं. यातलं काही पालकांना माहीत नसतं, आणि दुर्दैवाने दाखले देणाऱ्या खिडकीच्या आतल्या माणसालाही अनेकदा माहीत नसतं. गेल्या वर्षी एका मुलाबरोबर मी सेतू केंद्रावर गेलो. त्याच्याकडे राज्याच्या नमुन्यातला दाखला होता, तोच लॅमिनेट करून आणलेला. केंद्राचा नमुना वेगळा असतो, म्हटल्यावर ऑपरेटर म्हणाला, ‘सर, हाच चालतो सगळीकडं.’ मोबाइलवर विद्यापीठाचं माहितीपत्रक उघडून दाखवलं, तेव्हा त्याने दुसरा अर्ज भरला. दाखला मिळेपर्यंत मुदत संपायला एक दिवस उरला होता. त्या मुलाबरोबर जायला कुणी नसतं तर त्याची जागा गेली असती, आणि गावात चर्चा झाली असती की बघा, तिकडं आपल्या पोरांना घेत नाहीत.

पहिल्या सेमिस्टरचं इंग्रजी हा सगळ्यात मोठा घाव असतो. वर्गातलं बोलणं डोक्यावरून जातं, वाचायला दिलेली प्रकरणं संपत नाहीत, आणि आपण मूर्ख आहोत अशी मुलाची खात्री पटत जाते. ऑक्टोबरात फोन येतो, ‘सर, मी परत येऊ का?’ त्या फोनवर काय बोलायचं, हे प्रत्येक शिक्षकाने आणि बापाने आधीच ठरवून ठेवायला हवं. मी म्हणतो, डिसेंबरपर्यंत थांब, रोज दोन पानं शब्दकोश घेऊन वाच, आणि तुझ्यासारखंच दुसरं कोण आहे ते शोध. तसं कुणीतरी असतंच, कधी बस्तरचं तर कधी बांकुऱ्याचं. बहुतेक मुलं टिकतात. जी परत येतात त्यांना नावं ठेवायची नाहीत, दुसऱ्या वर्षी पुन्हा प्रयत्न करायला मदत करायची.

राहिला शेवटचा आक्षेप, की गेलेली परत येत नाहीत. हा आक्षेप घेणाऱ्यांच्या हातात संस्था आहेत, म्हणून त्यांनीच याचं उत्तर द्यायचं आहे. परत येऊन त्या मुलाने करायचं काय? हैदराबादला एम.ए. केलेला, नेट झालेला आमचाच एक विद्यार्थी आज शेजारच्या तालुक्यात तासिका तत्त्वावर शिकवतो. उन्हाळ्यात त्याला मानधन नसतं, तेव्हा तो भावाच्या खताच्या दुकानात बसतो. तो परत आला. त्याच्याबरोबर शिकलेली मुलगी दिल्लीत एका संशोधन प्रकल्पावर काम करते आणि तिलाही गावाकडे यायचं आहे, आईची तब्येत बरी नसते. दोघांनाही शिकवता येतं, दोघांनाही हीच मुलं शिकवायची आहेत. आमच्या कॉलेजात इंग्रजीची आणि अर्थशास्त्राची मंजूर जागा कित्येक वर्षं रिकामी आहे. जाहिरात काढा, दोघांचेही अर्ज येतील.